सुतळीचं दुसरं टोक

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता असं म्हणत नाहीये, आजही नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. मधल्या सुट्टीत भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी फळ्यापाशी बोलवायचे आणि "काढ बरं त्या भुताची आकृती, नावं दे भागांना" म्हणायचे. घरही तसलंच. माझे बाबा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. आमच्या घरात ना देव होते ना भूत. तेव्हा खाली लिहिलंय ते वाचून "बाई म्हातारपणी बहकल्या" असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मला हे लिहून टाकायचंय, कारण गेल्या पंधरवड्यात जे झालं त्याने माझी दुपारची झोप उडाली आहे... आणि मला तर सध्या झोपेचीच भीती वाटते.

साल एकोणऐंशी. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. बाबा वाशिमजवळच्या जऊळका स्टेशनवर पॉइंट्समन होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घ्यायची तो सांधा बदलणारा माणूस. मीटरगेजची एकेरी लाईन, दिवसातून मोजक्या गाड्या. स्टेशनच्या मागे आमचं क्वार्टर — एक खोली, स्वयंपाकघर, मागे पत्र्याची पडवी आणि तिच्यापुढे कडुनिंब. घरात आम्ही तिघं. माय निंदणाखुरपणाला मजुरीने जायची. मी अठरा वर्षांची, डी.एड.ला नंबर लागायची वाट बघत घरी बसलेली. बाबांची ड्युटी बहुतेक रात्रीची, त्यामुळे आमच्या घरात झोप म्हणजे दुपार.

बाबा घोरायचे. साधंसुधं नाही — प्लॅटफॉर्मवरचे लोक "मालगाडी आली वाटते" म्हणून हसायचे. आम्हीही हसायचो. पण त्या वर्षी घोरणं मधेच तुटायला लागलं. एकदम शांत. छाती हलतेय, पोट आत ओढलं जातंय, पण हवा नाही. ओठ जांभळे. मग कुणीतरी पाण्यातून वर काढल्यासारखा एक मोठा आचका, आणि पुन्हा मालगाडी सुरू. जागेपणी तर अजून वाईट. जेवताना हातात घास धरून झोपायचे. बोलता बोलता मान पडायची. आणि हा माणूस सांधे सांभाळत होता.

गेटमनची बायको मायला म्हणाली, "छातीवर बसते ते. रिठद गावाले एक जानता हाय, घेऊन जाय त्याह्यले."

बाबांनी आतूनच उत्तर दिलं, "माह्या छातीवर माहं पोट बसते. दुसरं कोनी नाई."

रेल्वेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तर पहिल्या डॉक्टरांनी "दारू कमी करा" म्हणून सांगितलं. बाबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. दुसऱ्या खेपेला एक तरुण डॉक्टर भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "श्वास थांबतो तो किती वेळ? कधी मोजलंय?" घोरण्याला आजार म्हणणारा मी पाहिलेला तो पहिला माणूस. झोपेत यांचा घसा मिटतो, म्हणाले. आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही, मुंबईत एक मोठे डॉक्टर आहेत, त्यांनी तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही.

"मंग औषध काय सायेब?" बाबांनी विचारलं.

"औषध नाही. गळ्याला भोक पाडून नळी बसवतात. झोपेत श्वास तिथून."

"बकऱ्यावानी?" बाबा हसले. माय हसली नाही.

डॉक्टरांनी मुंबईला पत्र टाकतो म्हणून सांगितलं. बोलावणं येईपर्यंत वाट बघायची. तोवर मी वहीत लिहायचं — श्वास थांबला कधी, सुरू झाला कधी. आणि एक गोष्ट त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितली. वीस मोजेपर्यंत श्वास आला नाही तर हलवून कूस बदलायला लावायची. "एखाद्या वेळी तो परत येणार नाही," ते म्हणाले. ते वाक्य मी घरी कुणालाच सांगितलं नाही.

दोरीची युक्ती बाबांचीच. उन्हाळ्यात खोलीत बसवत नसे, आणि त्या आवाजाशेजारी अभ्यास होणं शक्यच नव्हतं. मग पोत्याची सुतळी घेतली. एक टोक बाबांच्या पायाच्या अंगठ्याला फास करून, मधली सुतळी खिडकीच्या गजातून बाहेर, दुसरं टोक पडवीत माझ्या मनगटाला. रेल्वेचा माणूस, त्याला नियमाशिवाय चैन कसं पडणार? मागचं स्टेशन आणि पुढचं स्टेशन घंटीवर बोलतात तसं त्यांनी आमचंही ठरवून टाकलं.

"तू एक झटका देल्ला म्हंजे म्या कूस बदलतो. मंग म्या एक झटका देतो — लाईन क्लियर, म्हंजे समदं ठीक. समजलं?"

"आणि दोन?"

"दोन म्हंजे धोका. दोन आले का हातातलं फेकून पयत याचं."

माय भाकर थापता थापता म्हणाली, "झोपेल मानूस धोका सांगन कसा वं?" बाबा यावर खूप हसले.

हे चाललं जवळजवळ तीन महिने. घोरणं थांबलं की मी मोजायचे, अठरा, एकोणीस, वीस... ओढायचे. आतून आचका, खाटेची करकर, मनगटाला एक झटका. मी वहीत लिहायचे. रोज पोस्टमन आला की माय दारात. पत्र नाही. मोजून मोजून मला स्वप्नातही आकडे यायला लागले.

पहिल्यांदा झालं ते एप्रिलमध्ये. सकाळी मायसोबत कामावर गेले होते, ऊन लागलं होतं, पुस्तकावरच माझा डोळा लागला. किती वेळ कोण जाणे. जाग आली ती मनगटाला बसलेल्या दोन झटक्यांनी — असे जोराचे की हात पुढे ओढला जाऊन पडवीतल्या वाटणाच्या पाट्यावर आदळला. मी धावत आत गेले. बाबा उताणे. तोंड काळंनिळं, जीभ मागे. मी दोन्ही खांद्यांना धरून हलवलं, गालावर मारलं. आचका यायला जो वेळ लागला तो मी मोजला नाही, मोजता आलाच नाही.

ते उठून बसले, घामाने चिंब. मी रडत होते. रडता रडता त्यांच्या पायाकडे पाहिलं... अंगठ्याला सुतळी नव्हती.

"टोचून राह्यली होती वं," ते म्हणाले. "झोपाच्या आधीच काढून ठेवली."

फास खाटेखाली जमिनीवर पडला होता. गाठ जशीच्या तशी. माझ्या मनगटावर मात्र लाल वळ.

मी स्वतःला समजावलं, उंदीर असेल. उंदराने फास ओढला असेल. दोनदा? एवढ्या जोराने? असो, त्या वयात माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो. वहीत मी फक्त वेळ लिहिली.

दुसरी खेप मे महिन्यात. त्या आठवड्यात बाबांना दिवसाची ड्युटी होती. सुतळी गुंडाळून खिडकीजवळच्या खुंटीला टांगलेली, तिचा एक पदर खाली लोंबत होता. माय शेतात. मी खोलीत ज्वारी निवडत बसले होते — लख्ख जागी, भर दुपारी, हे मुद्दाम सांगतेय. वारा नव्हता. सुतळीचा तो लोंबता पदर उचलला गेला. हळू नाही, एकदम. खिडकीच्या दिशेने ताठ झाला, जसं बाहेरून कुणी टोक धरलंय. झटका बसला. खुंटी हलली. दुसरा झटका बसला तशी अख्खी गुंडाळी गजावर येऊन आपटली.

सूप तिथेच टाकून मी पळत सुटले. चप्पलही घातली नाही. रुळाच्या कडेची खडी पायाला भाजत होती. एक नंबरवर मालगाडी उभी होती आणि बाहेरच्या सिग्नलपाशी पॅसेंजर शिट्टी मारत होती... लांब, पुन्हा लांब. सांध्याजवळच्या टपरीच्या सावलीत बाबा भिंतीला टेकून बसलेले. हातात हिरवी झेंडी. मान छातीवर. ओठांचा रंग मला लांबूनच दिसला.

मी त्यांना लाथ मारली. हो, बापाला लाथ मारली. हात लावायला वाकायचंही भान नव्हतं. तिसऱ्या लाथेला आचका आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रुळाकडे, आणि तसेच धडपडत जाऊन सांधा ओढला. पॅसेंजर दोन नंबरवर आली. खिडकीत एक बाई केळी खात होती, मी तिच्याकडे बघतच राहिले.

"मास्तराले सांगू नोको," बाबा म्हणाले. "नौकरी जाईन. क्वाटर जाईन. आपन कुठी जाऊ?" मग थांबून, "तू कायले आली व्हती इकडे?"

मी म्हटलं, सहज.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन स्टेशनमास्तरांकडे गेले. बाबांचा शब्द मोडला. सुतळी जणू मलाच ओढून नेत होती. मास्तरांनी वही पानन् पान चाळली, चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "पोरी, हे तू आधी काहून नाई आनलं?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाबांना सांध्यावरून काढून कंदील पुसायच्या खोलीत लावलं. रेल्वेच्या फोनवरून त्या दवाखान्याला निरोप दिला, रोज देत राहिले. पगार चालू राहिला. बाबा मात्र माझ्याशी नऊ दिवस बोलले नाहीत. दहाव्या दिवशी मुंबईचं बोलावणं आलं.

तिथे त्यांना झोपवून तारा लावल्या, माझी वही पाहिली, आजाराचं नाव पक्कं केलं, आणि चार दिवसांनी गळ्याला भोक. दुसऱ्या दुपारी मी वॉर्डात बसले होते. बाबा झोपलेले. पहिल्यांदा मी त्यांना आवाज न करता झोपलेलं पाहिलं. नळीतून बारीकशी हवा येत-जात होती, आणि माझी मोजायची सवय सुटेना. मोजायला काही उरलंच नव्हतं. मला इतकं रडू आलं.

पुढच्या आठवड्यात त्यांना नळीवर बोट ठेवून बोलायला शिकवलं. पहिलं वाक्य मायशी बोलतील असं वाटलं होतं. ते माझ्याशी बोलले. आवाज खरखरीत, तुटका.

"त्या दिशी... सांध्यावर... तू लय ओढलं मले."

मी म्हटलं, "कुठं बाबा? मी तर लाथ मारली."

"नाई. त्याच्या आंधी. धा-पंधरा खेपा. आंगठ्याले." त्यांनी चादरीतून पाय बाहेर काढला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी फासाचा काळपट वळ अजून होता. "म्हून तं तू येईपर्यंत टिकलो."

मी सांगितलं की सुतळी घरी खुंटीवर होती, तिचं टोक माझ्या हातात नव्हतंच. मलाही सुतळीला बसलेले दोन झटके दिसले होते, ते मी तुमचे समजले. एप्रिलमध्ये तर माझ्या मनगटालाच बसले होते.

देव-भूत न मानणारा, स्वतःच्या पोटावर विनोद करणारा माणूस. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"मंग मंधात कोन व्हतं?" बोट नळीवरून निसटलं आणि आवाज गेला. ओठ मात्र तेच पुन्हा विचारत राहिले.

त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. दिवसा नळीला बूच, झोपताना उघडी. कंदिलाच्या खोलीतूनच रिटायर झाले आणि त्यानंतरही पुष्कळ जगले. सुतळी मायने चुलीत घातली. का, ते मी विचारलं नाही.

एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. मी आता एकटी राहते, वाशिममध्येच. काही महिन्यांपासून दिवसभर पेंगते. डॉक्टर म्हणतात, तेच असावं, वडिलांचंच. आता भोक पाडत नाहीत, मुखवट्याचं यंत्र मिळतं. पण आधी झोपेची तपासणी, आणि तिची तारीख अकोल्याला पुढच्या महिन्यातली. पुन्हा वाट बघणं. फरक एवढाच की या खेपेला पडवीत मोजायला कुणी नाही.

पंधरा दिवसांपूर्वी दुपारी मला जाग आली ती घुसमटून, आणि पायाच्या अंगठ्याला बसलेल्या झटक्याने. घरात सुतळीचा तुकडा नव्हता. अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ होता. स्नायू आखडला असेल, रक्ताभिसरण असेल... मुलांना मी हेच सांगितलं असतं. पण आजपर्यंत एकही उत्तर मला पुरं पडलेलं नाही, आणि मला भीती वाटते, खरंच वाटते. ते मला वाचवतंय की नुसतं धरून आहे, हेही कळत नाही.

तरी मी बाजारातून सुतळी आणली. हसा तुम्ही. अंगठ्याला फास घालते, बाकीची खिडकीच्या गजातून बाहेर सोडते. बाहेर बांधायला काही नाही, मोकळं अंगण आहे. दुसरं टोक जमिनीवर सैल पडलेलं असतं.

काल दुपारी जाग आली तेव्हा सुतळी ताठ होती.