एकाच डब्यातल्या गोळ्या

पुंजा आमच्या तमाशाच्या फडात ढोलकीवर आला, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. वणीच्या चैत्रातल्या जत्रेत त्याची पहिली थाप पडली, की बसलेली माणसं उठून उभी राहायची. पडद्यामागे मी चाळ बांधत असायचे, गाठ तशीच सोडून धावायचे. पेटीवर जमील असायचा. ते दोघे सोबत असले, की नाचणारीला पायाखाली जमीन लागायची नाही. काय दिवस होते!

फड मोडला. जमील देवळाली कॅम्पात पेट्या दुरुस्त करत राहिला, पुंजा नाशकात लेकीकडे आला. म्हातारपणी दोघांचीही हृदयं थकली. पायांवर सूज, जरा चाललं की दम.

दोघं जायचे त्या दवाखान्यात तेव्हा डिजॉक्सिन या जुन्या औषधाची चाचणी चालू होती. कित्येक पिढ्या डॉक्टर ते देत आलेत. पण आताच्या नव्या औषधांच्या जोडीला ते खरंच उपयोगी पडतं का, हे बघायचं होतं. निम्म्या रोग्यांना औषधाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. मनीषा सिस्टरांनी सगळं नीट समजावलं. दोघांनी माना डोलावल्या आणि नाव दिलं.

हळूहळू पुंजाची सूज उतरली. जमील मात्र होता तसाच.

एकदा मी जमीलकडे गेले, तर पुंजा तिथे आधीच बसलेला. दोघांच्या गोळ्यांच्या बाटल्या त्यानं पानाच्या डब्यात ओतल्या होत्या आणि हातानं ढवळत होता.

"अरे मेल्या, हे काय?"

"उज्वलाबाई, फडात कुनी कधी एकट्यानं खाल्लं का?"

नव्हतं खाल्लं. खेळ संपला की गावातून आलेलं सगळं एकाच परातीत पडायचं. कुणाला लाडू मिळाला, तर तोही तिथेच कुस्करायचा.

"मला खरी लागलीय, ह्याला खोटी. आता दोघं निम्मं निम्मं खाऊ."

जमील खोकत हसला. "म्हातारा येडा झाला, बाई. जिंदगीभर ढोलकी बडवून माझा सूर खाल्ला, आता दवा वाटायला निघालाय."

"गप गिळ. चैत्रात वणीला पेटीवर बसवायचंय तुला. हिलाबी नाचवू."

"या गुडघ्यांवर?" मी म्हटलं.

"मंग बसून अदा कर!"

"आधी सिस्टरांना सांग," मी दटावलं.

पुढच्या तपासणीला त्यानं सांगितलं, तेही छाती फुगवून. मनीषा सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "बाबा, कुठल्या गोळीनं काय होतं, तेच तर बघत होतो आम्ही!" डॉक्टरांनी दोघांच्याही गोळ्या बंद केल्या. तपासण्यांत धोका दिसला नाही, म्हणून कुणाची गोळी कुठली होती हे उघड केलं नाही.

थंडी सरता सरता जमील गेला.

पुंजा रडला नाही. बऱ्याच दिवसांनी माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "बाई, माझी सूज नव्या औषधानंच उतरली असंल तर? माझी खोटी आन् त्याची खरी असंल तर? मंग मी त्याच्याच घासातला निम्मा खाल्ला की."

मी त्याला घेऊन सिस्टरांकडे गेले. जमीलचं हृदय फारच थकलं होतं, थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी असं काही ठरत नाही, असं त्या मायेनं सांगत राहिल्या. पुंजानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "पन खरी कुनाची व्हती?"

"ते चाचणी संपल्यावरच कळेल, बाबा. अजून काही वर्षं आहेत."

तेव्हापासून पुंजा अळणी भाकरी खातो, तंबाखू सोडलीय, तपासणी चुकवत नाही. बापाला जगायची हौस आलीय, म्हणून लेक खूश आहे. मी तिला काही बोलत नाही. चैत्रात वणीला चल म्हटलं, तर नको म्हणाला. ढोलकीवरचं फडकंही काढत नाही. त्या थापेसाठी माझे पाय अजून झुरतात.

परवा धीर करून विचारलं, "पुंजा, उत्तर वाईट निघालं तर?"

"तर जमीलची माफी मागंन," तो म्हणाला. "पन कशाची मागायची, ते तरी कळाया पायजे ना, बाई."