केळीची रोपं आणि वरच्या खोलीतली मुलगी

"लिहून ठेवते," असं ती म्हणायची आणि लगेच वही काढायची. नळाला पाणी किती वाजता आलं, माझं दही किती दिवसांनी आंबट झालं, सगळं लिहायची. तुला दुसरा उद्योग नाही का, असं मी विचारलं. "आजी, हाच उद्योग आहे."

इकडे हिंदी मुलखात, कोटरा वस्तीतल्या माझ्या घराच्या वरच्या खोलीत ती दोन वर्षं भाड्याने राहिली. बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करत होती. मी चौथी शिकलेली. मला तो शब्द नीट म्हणायला महिना लागला.

तुम्हीही अशा मुली पाहिल्या असतील. गल्लीतला प्रत्येक जण त्यांना विचारतो, याचं पुढे काय? ती न चिडता सांगायची: औषधांच्या कारखान्यात तपासणी, हॉस्पिटलची लॅब, बियाण्यांच्या कंपन्या, नाहीतर पीएच.डी. मी म्हटलं, एवढी दारं आहेत तर शीर की एकात. "प्रत्येक दारापुढे लाइन आहे, आजी."

तिचे वडील उज्जैनला क्लार्क. उन्हाळ्यात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर घरी येऊन बी.एड. कर, असं त्यांनी बजावलं होतं. तिला बी.एड. नको होतं.

शेवटच्या सहामाहीत तिने कॉलेजच्या लॅबमधून केळीची रोपं आणली. बाटलीत वाढवलेली, बोटाएवढी. गच्चीवर हिरव्या जाळीखाली ठेवली आणि वरून प्लास्टिक घातलं. हाच तिचा प्रोजेक्ट. एकदा ती कॉलेजात असताना मी वर गेले. प्लास्टिकला आतून घाम सुटला होता. मला वाटलं, गुदमरतील. प्लास्टिक काढलं, जाळी सारली, पापडासारखं ऊन दाखवलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या.

तिने एवढंच विचारलं, "किती वाजता काढलंत?" मी म्हटलं, अकराला. तिने लिहिलं. मग जिन्यात बसून रडली. मी ऐकलं, पण गेले नाही. त्यातली सातच रोपं जगली. त्यांच्यावरच तिने काम पुरं केलं.

वर नेटवर्क येत नसे, म्हणून फोनवरचा इंटरव्ह्यू तिने माझ्या बैठकीतून दिला. केळीची रोपं तयार करणारी गुजरातेतली कंपनी होती. मी शिकवून ठेवलं होतं, रोपांना लू लागली, गरम वारा बाधला म्हणून सांग, कोण बघायला येतंय. मी कोपऱ्यात तांदूळ निवडत होते. इतकी रोपं कशी मेली, असं त्यांनी विचारलंच.

"घर की आजी ने कवर हटा दिया था। मैंने उन्हें समझाया नहीं था। गलती मेरी है।"

मग ती वहीतून वाचत गेली: कोणतं पान आधी वाळलं, जगलेली सात कुठे होती. ते लोक विचारतच राहिले. आठवड्याने नोकरीचं पत्र आलं. बाटलीतून निघालेल्या रोपांना उन्हाची सवय लावायची, हेच काम.

मला कशाला मध्ये घातलंस, म्हणून मी तिला टोकलं. ती म्हणाली, "रोपं माझी होती, आजी."

ती नोकरीवर गेली. उरलेलं सामान न्यायला वडील आले. चहा घेताना हळूच म्हणाले, "काकू, तिथे नेमकं काम काय असतं? तिला विचारलं तर तिला वाटेल, बापाला काहीच कळत नाही."

मी सगळं सांगितलं. बाटली, ओल, झाकण, आणि ऊन कसं थोडं थोडं वाढवायचं ते. मध्येच एकदा थांबवून त्यांनी परत विचारलं. चहा निवला.

गादी रिक्षात चढवताना ते रिक्षावाल्याला सांगत होते, लड़की पौधों की लैब में है, धूप का काम देखती है। रिक्षावाल्याने काही विचारलं नव्हतं.