माशांच्या टाकीवरचे ओरखडे

आमच्या शहाद्याच्या घरात तांब्याची भांडी घासायला प्रकाशा गावाहून आणलेली तापीची वाळू असते. चिमूटभर वाळू, थोडी चिंच, नारळाची शेंडी, की कळशी लखलखलीच. त्याच वाळूने मी सासऱ्यांच्या माशांच्या टाकीची समोरची काच आतून घासली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! शेवाळ गेलं, पण काचेवर ओरखड्यांचं जाळं उमटलं.

सासऱ्यांना आम्ही दादा म्हणतो. जन्मभर केळीच्या बागेत राबलेला माणूस लकव्याने खुर्चीत बसला. जीभ जड झाली. काही बोलले की ऐकणारा ‘काय? काय?’ करायचा. मानी माणूस, त्यांनी तोंडच मिटून घेतलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलले नाहीत तर उरलीसुरली वाचाही जाईल. पण दादा नुसते त्या चार माशांकडे बघत बसायचे. तेवढा एक विरंगुळाही मी खरवडून टाकला. स्वतःचा असा राग आला, की त्या दिवशी जेवलेच नाही.

स्टँडजवळच्या काचवाल्याने एक बारीक पावडर आणि जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा दिला. म्हणाला, “ओलं ठेवूनच घासा ताई, काच तापली तर तडकेल. आणि नखाला लागतो तो ओरखडा जायचा नाही, आधीच सांगतो.”

मासे टबात सोडले. रिकामी टाकी दादांच्या खुर्चीशेजारी चटईवर घेतली आणि रोज दुपारी घासायला बसले. हात चालला की माझं तोंडही चालतं. भाजीवालीचा भाव, शेजारणीचा नखरा, नळाला न आलेलं पाणी, सगळं दादांना ऐकवलं. ते आपले माझ्या हाताकडे बघत. बारीक रेषा खरंच गेल्या. तिसऱ्या दिवशी खोल रेषांवरून नख फिरवलं, तर ते अडकलंच. मी नमदा फेकला. “मरो ती काच!”

“फिराई दे,” मागून आवाज आला. मी दचकलेच. दादा एकेक शब्द ओढत म्हणाले, “टाकी... फिराई दे. मांगली काच... चांगली शे.”

मागच्या काचेला निळं पोस्टर चिकटवलेलं. ते ओढून काढलं, तर काच कशी नवीकोरी! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला हसू आणि रडू एकदमच आलं. “मंग दादा, तीन दिवस काबर बोलनात नही?”

“तू रोज... मन्हाजोडे बठी ऱ्हायनी ना,” ते म्हणाले. “म्हनीसन.” मी रोज त्यांच्याजवळ बसत होते, म्हणून!

इतक्या वर्षांच्या संसारात मला असं कुणी काही दिलं नव्हतं. त्या वाळूचेसुद्धा मी उपकार मानते.

टाकी स्वच्छ धुऊन, फिरवून, मासे परत सोडले. ओरखडे आता भिंतीकडे आहेत. मी मात्र रोज दुपारी चहा घेऊन त्याच चटईवर बसते, आणि दादा मला आज केळीला काय भाव निघाला ते विचारतात.