पूजेतला पाना

हे माझ्या बायकोला, सुनंदाला ठाऊक नाही. डॉमनिकला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आम्हा तिघांनाही ओळखत नाही, कदाचित म्हणूनच. आणि खरं सांगू – इतक्या वर्षांनंतर मला पश्चात्तापापेक्षा कुतूहलच जास्त वाटतं. माणूस असा कसा वागतो? म्हणजे मी असा कसा वागलो?

आधी माझा धंदा सांगतो. मी पुण्याचा, इंजिनियर. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आलो आणि इथल्या पोलाद कारखान्यात लागलो. मोडलेल्या वस्तू माझ्या टेबलावर यायच्या – साखळी, आस, बोल्ट – आणि त्या का मोडल्या ते मी शोधून काढायचो. हे काम मला फार आवडायचं. धातू खोटं बोलत नाही, असं मी हाताखालच्या पोरांना शिकवायचो सुद्धा.

डॉमनिक वसईचा, त्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन. इथे मराठी बोलणारं माणूस म्हणजे सोनं, त्यामुळे आमची गट्टी लगेच जमली. त्याने एक जुनी आठ सिलिंडरची गाडी घेतली होती. इंजिन राक्षसाचं आणि ब्रेक सायकलचे! चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक, घाट उतरताना तापून पार ढिले पडायचे. त्याची बायको फिलू त्या गाडीत बसली की सबंध घाटभर हातात रोझरी धरायची. शेवटी मीच म्हणालो, आण ती गाडी माझ्या गराजमध्ये.

चार शनिवार लागले. भंगारवाल्याच्या यार्डातून नव्या मॉडेलचे डिस्क ब्रेक आणले, पुढच्या चाकांना बसवले. शिवाय डॉमनिकला हवी होती तशी रुंद, चकचकीत अलॉयची चाकं. या चाकांची एक गोष्ट असते – नवी बसवली की शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावे लागतात. चाक जागेवर बसतं आणि नट सैल होतात. हे मीच त्याला बजावून सांगितलं होतं. ‘पुढच्या शनिवारी आण, विसरू नकोस,’ म्हणालो होतो.

तो विसरला नाही. सकाळीच आला, फिलूला घेऊन. दोघं सिडनीला तिच्या बहिणीकडे निघाले होते.

"मेट, नट तेवढे बघून दे ना, मग आम्ही सुटतो," असं म्हणून तो आत सुनंदाकडे चहाला गेला.

मी गराजमध्ये गेलो. त्या दिवशी खंडेनवमी होती. सुनंदाने पाटावर माझी सगळी अवजारं मांडून पूजा केली होती. मधोमध नट आवळायचा लांब पाना, त्याला हळदकुंकू, वर अंगणातली पिवळी फुलं. पूजेला मांडलेलं अवजार त्या दिवशी उचलायचं नाही, तुम्हाला माहीतच आहे.

आता मी कोण? कारखान्यात देवधर्माची टिंगल करणारा. डॉमनिकने गाडीवर फादरकडून पवित्र पाणी शिंपडून घेतलं, तेव्हा पोट धरून हसलेला. ‘त्यापेक्षा ब्रेक ऑइल शिंपड,’ म्हणालेला. आणि मी त्या पाटासमोर उभा – हात पुढे केलेला, आणि पाना उचलवेना.

देवीची भीती वाटली का? थोडी वाटली. सुनंदा रागावेल म्हणून? तेही होतं. पण हे काही खरं कारण नव्हे. गाडीच्या डिकीत तिचा स्वतःचा पाना होता. शेजाऱ्याकडे होता, मागितला असता तर ‘नो वरीज’ म्हणून त्याने लगेच दिला असता. पण माझा का नको, हे डॉमनिकला सांगावं लागलं असतं. तो हसला असता. आठवडाभर, फार तर महिनाभर हसला असता. एवढंच.

मी चाकांपाशी जाऊन उकिडवा बसलो. नटांना बोटं लावली. मग फडक्याला हात पुसत आत आलो – हात अगदी स्वच्छ होते, तरी पुसत आलो – आणि म्हणालो, "झालं. एकदम टाइट. जा बिनधास्त."

संध्याकाळी परतताना घाटाच्या वळणावर पुढचं डावं चाक निघालं. गाडी कड्यावर आपटली. डॉमनिकच्या बरगड्या गेल्या. फिलूचं कोपर असं मोडलं की तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. चर्चमध्ये ती ऑर्गन वाजवायची. ते संपलं.

गाडी बघायला मी दुसऱ्याच दिवशी यार्डात गेलो. डॉमनिकनेच पाठवलं होतं, ‘तूच बघ, तुला कळेल.’ कळायला एक मिनिट लागलं. चाकाची भोकं लंबगोल झालेली, बोल्टांचे आटे घासून चकाकलेले. नट सैल होते, दुसरं काही नाही. आणि विचित्र गोष्ट सांगू? मला तेव्हा रडू आलं नाही. मी तो बोल्ट उजेडात फिरवून फिरवून बघत राहिलो. किती सुबक पुरावा होता! मग तो खिशात टाकला आणि येताना समुद्रात फेकून दिला.

हॉस्पिटलमध्ये डॉमनिकने विचारलं, "माझ्यामुळे झालं का रे? नवे ब्रेक म्हणून जरा जोरात घेतली मी."

फिलू शेजारीच बसली होती, हात प्लॅस्टरमध्ये. ती माझ्याकडेच बघत होती.

"हो," मी म्हणालो. "वळणावर वेग जास्त झाला. चाक आपटल्यावर निघालं. मी तुला नेहमी सांगत आलोय."

नेहमी सांगत आलोय! हे शेपूट मी का जोडलं? नुसतं ‘हो’ पुरलं असतं. यावर मी फार विचार केलाय. एकदा खोटं बोललं की माणसाला त्यात खरेपणाचा रागही आणता येतो, हे मला त्या खोलीत कळलं. मी खरोखरच त्याच्यावर चिडलो होतो.

डॉमनिकने त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. कामाला बसने, सिडनीला ट्रेनने. बाकी काही बदललं नाही, आमची दोस्ती तशीच आहे. दर नाताळात आम्ही त्यांच्याकडे जेवायला जातो, फिलू डाव्या हाताने वाढते आणि डॉमनिक ती गोष्ट सगळ्यांना सांगतो, स्वतःवर हसत. ‘या बिचाऱ्याने चार शनिवार घालवून ब्रेक बसवले आणि मी एका वळणात सत्यानाश केला.’

गेल्या नाताळात सांगता सांगता तो थांबला. वेग नक्की किती होता ते त्याला आठवेना. "सत्तर असेल," तो म्हणाला.

"ऐंशी," मी म्हणालो.