गाव पंगतीला बसलं तो दिवस

कौसल्याच्या दारात गाव जेवायला आलं ते एकदाच, आणि तिनं ते पानावरून उठवलं. त्यावरून लोक तिला अजून नावं ठेवतात. ठेवू देत. ज्याचं घर कधी जळलं नाही, त्याचं नावं ठेवायला काय जातं!

चौऱ्याहत्तरचा मे महिना. तिच्या पोरीचं, बेबीनंदाचं लग्न. नवरा पुंजाराम रीतीप्रमाणे घरोघर आमंत्रण देऊन आला होता. रीत अशी, की गावानं "येतो की" म्हणायचं आणि यायचं नाही. छप्पन साली वस्तीनं धर्म बदलला, पण बौद्धवाड्यातलं अन्न काही गावाच्या घशाखाली उतरलं नव्हतं. पुंजारामला मात्र आयुष्यात एकच आस होती. एकदा तरी गाव आपल्या मांडवात जेवावं.

लग्नाच्या आदल्या दिवशी रेडिओनं सांगितलं, राजस्थानात आपण अणुस्फोट केला. शांततेसाठी केला, असंही सांगितलं; गावाचे कान तेवढ्यापुरते बहिरे झाले. चावडीवर बसल्या बसल्या कराची आणि लाहोर बेचिराख झाले. आणि लग्नाच्या दुपारी सरपंच आबाराव हलगी वाजवत, गुलाल उधळत वीस-पंचवीस माणसांसह थेट मांडवात शिरला.

"पुंजाराम, आज जातपात बिलकुल न्हाई! आज सगळे हिंदुस्तानी. वाढ जल्दी!"

पुंजारामचे डोळे भरून आले. त्यानं स्वतः पत्रावळी मांडल्या. गाव खरंच बसलं. कौसल्या बुंदीची परात घेऊन वाढायला निघाली, तिलाही गहिवरून आलं होतं.

आबारावच्या पानात तिनं बुंदी वाढली. तो शेजाऱ्याला सांगत होता, "एक बॉम्ब टाकला की अख्खं शहर साफ. माणूस न्हाई, चिमणी न्हाई. मंग कळंल त्यांना!"

कौसल्याचा हात थांबला.

धर्म बदलल्यावर वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं. त्यावरून एका पोराची गावातल्या कुणाशी बाचाबाची झाली. भांडण एकाचं, पण त्या रात्री गावानं पेटवली सगळी वस्ती. कौसल्याची सासू आजारी, घरातच होती. ती बाहेर आलीच नाही. नंतर गाव म्हणालं, आम्हाला काय माहीत म्हातारी आत हाय! कुणाला शिक्षा झाली नाही.

"सरपंच," कौसल्या म्हणाली, "त्या शहरात म्हाताऱ्या न्हाईत का?"

"आँ?"

"आत कोण हाय ते बघून टाकणार का, न बघता?"

आबाराव हसला. "कौसल्याबाई, ते दुश्मन हायेत. उद्या त्यांनी टाकला तर?"

"तर टाकणाऱ्याला धरा. त्याच्या गावातली म्हातारी कशाला भाजता? आमची भाजली तवा बी आत कोण हाय ते तुम्ही बघितलं न्हवतं."

हलगी बंद पडली. पुंजाराम धावत आला, "अगं, पाव्हणे हायेत..."

"पोरीच्या लग्नाला आले असतील तर पोटभर जेवावं, मी पाय धुऊन पाणी पिते. लोकं जाळायच्या आनंदात आले असतील, तर माझी बुंदी त्यासाठी न्हाई."

आबाराव ताडकन उठला. "यांना मान द्यायला जावं तर हे असं!" त्याच्यामागं एकेक करत सगळे उठले. कोणी म्हणालं नाही, बाई, मी पोरीसाठी बसतो. एकानंही नाही! वीस-पंचवीस वाढलेली पानं तशीच राहिली.

पुंजाराम म्हणाला, "जन्मात एकदा गाव बसल्तं, कौसल्या. एकदा."

"बसलं असतं, जेवलं असतं. अन् तुमच्या मायच्या राखेवर हात धुऊन गेलं असतं."

त्यानं त्या पानांकडं बघितलं. मग पुढं झाला आणि आबाराव बसला होता त्याच जागी मांडी घालून बसला.

"वाढ," तो म्हणाला. "अन् शेजारी मायचं पान मांड."