ठेवीदारांच्या सभेत

आमच्या सहकारी बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध आले, तेव्हा पेठेत दोनच पक्ष उरले होते. एक म्हणे, हे आत्ताच्या सरकारचं पाप; दुसरा म्हणे, आधीच्या. मी कॉलेजात आयुष्यभर वाणिज्य शिकवलेली, जुन्या वळणाची बाई. सरकारने लुडबुड कमी करावी आणि माणसाने आपल्या निर्णयाची जबाबदारी आपण घ्यावी, हे माझं मत. घरच्यांनी नको म्हटलं तरी ठेवीदारांच्या सभेत मी बोलायला उभी राहिले.

मंडईजवळच्या शाळेचा हॉल खचाखच भरला होता. ठेवीदार समितीचे अध्यक्ष होते खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांची सगळी पुंजी त्याच बँकेत अडकली होती.

"सरकारं येतात आणि जातात," मी म्हणाले. "आपल्याच नातेवाइकांना कर्जं वाटणाऱ्या संचालकांत सगळ्या पक्षांची माणसं होती. त्यांना पुन्हा पुन्हा निवडून कोणी दिलं? आपणच. व्याज जरा जास्त मिळतंय म्हणून आपण गप्प बसलो. मीसुद्धा."

एकदम गलका झाला. "हिला कोणी पाठवलंय?" मागून कोणीतरी ओरडलं. एकाने पुढे येऊन माझ्या हातातला माइक काढून घेतला.

"बाई, इथे लोकांची औषधं थांबली आहेत," अध्यक्ष म्हणाले. "आपले शब्द मागे घ्या आणि खाली बसा."

"मला चूक ठरवा. पण आधी बोलू द्या."

मी टेबलाची कड धरून उभी राहिले. दोन-तीन माणसं व्यासपीठाकडे यायला लागली होती.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. मंडईत पालेभाजी विकणारी. कित्येक वर्षं मी तिच्याकडून मेथी घेत होते. तिचेही पैसे याच बँकेत आहेत, हे मला ठाऊक नव्हतं.

"माइक द्या त्यांना," ती म्हणाली. "त्यांचं पुरतं ऐकल्याशिवाय मी उत्तर कसं देऊ?"

माइक परत आला. मी दोन मिनिटांत संपवलं. मग ती बोलली.

"बाई, तुम्ही म्हणालात, आपण निवडून दिलं. मी ठेवीदार आहे, सभासद नाही. मला मत द्यायला कोणी बोलावलंच नाही. माझं काय चुकलं, ते सांगा."

निवडणुकीत मत सभासदांना, ठेवीदारांना नाही. हा नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला होता, आणि तरी सगळ्यांना एका 'आपण'मध्ये कोंबलं होतं. लाज वाटली.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "माझंच वाक्य चुकलं."

"तेवढंच मागे घ्या. संचालकांचं बोललात, ते राहू द्या."

सभेनंतर निघालेल्या समितीच्या निवेदनात सरकारवरचे आरोप तसेच राहिले. पण संचालकांच्या नातेवाइकांची कर्जं जाहीर करा, ही मागणी अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने त्यात घातली. माझ्याशी मात्र ते अजून बोलत नाहीत. निर्बंधही उठलेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी मंडईत गेले, तेव्हा तिने नेहमीसारखी जुडी निवडून दिली.

"सरकारला तुम्ही फार स्वस्तात सोडलंत," ती म्हणाली.

यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.