नानांच्या चाकूचा खटका

नानांच्या चाकूचा खटका माझ्या हातून बिघडला आणि मी चाकू तसाच परत ठेवला. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढे नानांविषयी चार चांगले शब्द लिहिताना मीच चांगला माणूस वाटू लागेन.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. धुळ्याच्या एका जिनप्रेसमध्ये नाना रुईची पारख करायचे आणि मी कारकून होतो; तिशीतला, दोन मुलांचा बाप. बांधलेल्या गाठीचं तरट चाकूने चिरून नाना आतला पुंजका काढत, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढत आणि डोळे मिटून तंतूची लांबी सांगत. व्यापारी पट्टी लावून बघत, तर लांबी तेवढीच भरे. "डोया फसाडतस, बोटं नही फसाडतस," असं नाना म्हणायचे.

एकदा त्यांना नवा चाकू घ्यायचा होता, तेव्हा मी बरोबर गेलो होतो. दुकानदाराने एक झकपक चाकू काढला. अंगठा लावला की पातं सटकन बाहेर.

"नाना, हा घ्या. पापणी लवायच्या आत उघडतो."

"माले काय मारामारी करनी शे? रुईनी गाठ काय पळस का?"

नानांनी पातं उघडलं आणि त्याची पाठ फळीच्या कडेवर ठेवून अंगाचा भार दिला. पातं किंचित मागे आलं. त्यांनी चाकू परत केला. "हाऊ मिटस."

"अहो, चाकू मिटायचाच असतो."

"मी मिटसू तवय मिटाले पाहिजे."

असे तीन चाकू परत गेले. चौथा घेतला तो जाड, शिंगाच्या मुठीचा. उघडायला दोन्ही हात लागत, पण उघडला की पातं अडकवून धरणारा आतला खटका असा बसे की आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत येई. नाना चाकू उघडेपर्यंत चहा निवतो, अशी आम्ही थट्टा करायचो. नानांना तिचं काही वाटत नसे. रोज सकाळी एकदा टेबलाच्या कडेवर ते चाकू दाबून बघत, मग दिवसभर त्याच्याकडे संशयाने पाहत नसत. दुसऱ्या कुणाला मात्र त्याला हात लावू देत नसत.

एका दुपारी ते जेवायला बसले होते. कोट खुंटीला होता. गाठींवर नंबर मारायच्या शाईच्या डब्याचं झाकण मला निघेना. मी नानांच्या खिशातून चाकू काढला, पातं झाकणाखाली घातलं आणि जोर दिला. आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. मिटून पुन्हा उघडला, तर आवाज आला नाही. सांगावं असं मनात आलं. मग वाटलं, सगळ्यांसमोर बोलतील. शाई पुसली आणि चाकू खिशात ठेवून दिला.

तासाभरात गाठ चिरताना ते पातं नानांच्या उजव्या हातावर मिटलं. दोन बोटांना टाके पडले. बोटं राहिली, पण शेंड्यांची जाण गेली. त्यानंतर नाना पुंजका ओढत, डोळे मिटत आणि मग डोळे उघडून पट्टी मागत. कुणी विचारलं, तर म्हणत, "सकाय मी खटका नीट दखा नही. मनी चूक." हे ते माझ्यासमोर म्हणाले. एकदा नाही, अनेकदा. दोन महिन्यांनी काम सोडून ते नरडाण्याजवळच्या आपल्या गावी गेले.

नऊ वर्षांनी कामानिमित्त नरडाण्याला गेलो असताना स्टेशनवर त्यांचा मुलगा भेटला. नाना बरे आहेत, म्हणाला. "पण कशाची पारख करत नाहीत. बैल घ्यायला चला म्हटलं, तरी म्हणतात, मी बघून काय उपयोग, माझं बघणं चुकतं."

मी त्याच्याच बैलगाडीत बसलो.

नाना ओट्यावर होते. मी सगळं सांगितलं. शाईच्या डब्यापासून. "माझं चुकलं, नाना," म्हणालो. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी विचारलं, "सकाय खटका चांगला व्हता?"

"चांगला होता."

"घरमा चाल. तुन्या काकूले सांग. पोऱ्यालेबी बलाव."

काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नाना दारातून म्हणाले, "सकायनं सांगं नही तू."

तेव्हा मी म्हणालो, "काकू, त्या सकाळी नानांनी खटका नीट तपासला होता. तो बिघडवला मी आणि ते लपवलंही मीच. मला माफ करा."